पोस्टर शेवटी कर

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून त्याचा सारांश देते.

ती मुंबईच्या उपनगरातल्या एका कला महाविद्यालयात उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिरात आणि डिझाइनच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. वार्षिक प्रदर्शन साडेतीन आठवड्यांवर आलंय. चित्रकला, शिल्पकला, टेक्सटाइल आणि उपयोजित अशा चार विभागांतल्या ६४ विद्यार्थ्यांचं प्रत्येकी एक काम मांडायचं आहे. जागा कॉलेजबाहेरची, एका जुन्या इमारतीतला भाड्याचा हॉल. ब्रँडिंग आणि प्रसिद्धीचं सगळं साहित्य हिच्याकडे. तीन रात्री जागून तिने 'अनफ्रेम्ड' हे नाव, एक लोगो आणि पोस्टर केलं आणि समितीच्या चौदा जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. चित्रकलेची मुलं म्हणाली, "ब्रँडिंग साबणाचं करतात, चित्रांचं नाही." विभागप्रमुख सरांना नाव मराठीत हवंय, त्यांनी 'सृजनोत्सव' सुचवलं. शिवाय पोस्टरवर प्रमुख पाहुण्यांचा फोटो हवा आणि संस्थेचं बोधचिन्ह मोठं हवं. एकाला निळा रंगच आवडत नाही. छपाईसाठी आहेत १८ हजार रुपये. ती विचारते, "काम सोडून देऊ, सर म्हणतील तसं करून मोकळी होऊ, की माझ्या डिझाइनसाठी भांडू?" आणि अगदी शेवटी एक ओळ: "खरं सांगू का ताई, हे मला पोर्टफोलिओत ठेवायचं होतं."

प्रिय मैत्रिणी,

त्या शेवटच्या ओळीची लाज वाटून घेऊ नकोस. पोर्टफोलिओसाठी काम करण्यात काही वावगं नाही. मी वीस वर्षं जाहिरात एजन्सीत काढली, तिथे सगळे तेच करायचे. फक्त कबूल कोणी करायचं नाही.

पत्राबरोबर पाठवलेलं पोस्टर पाहिलं. चांगलं आहे, आणि हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये. तो अर्धवट उघडलेला चौकोन नजर धरून ठेवतो. पण तारीख वाचायला मला चष्मा शोधावा लागला आणि हॉल कितव्या मजल्यावर आहे ते चष्मा लावूनही सापडलं नाही. तू ते लिहिलेलंच नाहीस.

का लिहिलं नसशील याचा मला अंदाज आहे, कारण मीही लिहिलं नव्हतं. माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाचं पोस्टर मी केलं होतं. काळ्यावर गडद करडं, स्क्रीन प्रिंट, त्या काळात फार धाडसी वगैरे. खाली पत्त्याची ओळ होती, तिच्यात 'तिसरा मजला' बसेना. अक्षर बारीक केलं तर सगळा तोल बिघडत होता. मी 'तिसरा मजला' काढून टाकला. माझे वडील साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने निघाले, पहाटे दादरला उतरले, भावाकडे आंघोळ करून दुपारी त्या इमारतीपाशी पोहोचले. खाली माझं पोस्टर लावलेलं होतं. ते ओळखून त्यांना आनंद झाला, पण जायचं कुठे ते त्यावर नव्हतं. तळमजल्यावर कुठल्याशा कंपनीचं ऑफिस, पहिल्यावर कुलूप. विचारायचा संकोच. ते समोरच्या टपरीवर दोन तास बसून राहिले, मी कधीतरी खाली येईनच म्हणून. मी वर लोकांकडून पोस्टरचं कौतुक ऐकत होते.

त्या पोस्टरला पुढे बक्षीसही मिळालं. माझ्याकडे त्याची एक प्रत आहे, पण ती भिंतीवर कधी लावाविशी वाटली नाही.

हे सांगितलं ते तुला घाबरवायला नाही. तुझ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. प्रदर्शनाचं ब्रँडिंग म्हणजे नाव, लोगो आणि पोस्टर. ते एकदा जमलं की बाकीचं त्याच्या मागून येईल, असं तू धरून चालली आहेस. कॉलेजात आपल्याला शिकवतातही तसंच, कारण ज्युरीला भिंतीवर टांगता येतं ते पोस्टर. पण प्रदर्शनाला येणारा माणूस पोस्टरपाशी किती वेळ असतो? फोनवर दोन सेकंद, फाटकावर चार. हॉलमध्ये मात्र तो तासभर असतो आणि त्या तासात तुझं एकच काम पुन्हा पुन्हा, ६४ वेळा वाचतो: चित्राशेजारची पाटी. तुझ्या पत्रात त्या पाटीचा उल्लेखच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पाटीपासून सुरुवात कर. पोस्टर शेवटी कर.

यात तंत्राचाही फायदा आहे. पाटीवर सगळ्यांत अवघड मजकूर असतो: विद्यार्थ्याचं नाव, कामाचं शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष, कधी दोन ओळी त्या कामाविषयी. एखादं नाव 'ईशा राव' इतकं आटोपशीर, तर एखादं तीन शब्दांचं, जोडाक्षरांनी भरलेलं. एकीचं माध्यम 'कॅनव्हासवर तैलरंग', तर दुसऱ्याचं 'जुन्या साड्या, तांब्याची तार, मेण आणि आवाज'. हे सगळं एकाच मांडणीत नीट बसलं, की तुझा फॉन्ट, ओळींमधलं अंतर, समास आणि रंग ठरले. तीच मांडणी मोठी केली की दिशादर्शक बाण होतो, आणखी मोठी केली की फाटकावरची स्टँडी, म्हणजे उभा फलक. पोस्टरवर चार शब्द सुंदर दिसणारा फॉन्ट पाटीवर ढेपाळतो. उलटं सहसा होत नाही.

पाटी ए-६ मापाची धर, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, आडवी. डिजिटल छपाईवाल्यांकडचा नेहमीचा कागद १२ बाय १८ इंचांचा असतो, त्यावर अशा आठ पाट्या बसतात. ६४ कामं, आठ कागद. नववा कागद चुकांसाठी, कारण चुका होतीलच. जाड मॅट कागद घे. ग्लॉसी घेऊ नकोस, हॉलच्या दिव्यात तो चकाकतो आणि वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. नाव आणि शीर्षक २० पॉइंटच्या आसपास ठेव. तुला ते स्क्रीनवर बटबटीत वाटेल. प्रिंट काढ, भिंतीला चिकटव, चार फूट मागे जा आणि मग ठरव. पाटी सगळीकडे एकाच बाजूला, एकाच उंचीवर लाव. चित्राच्या उजवीकडे, नजरेच्या थोडी खाली. शिल्पांच्या पाट्यांचा विचार वेगळा करावा लागेल, कारण शिल्पाभोवती माणूस फिरतो.

आता मराठीकडे येते. सरांनी मराठी नाव सुचवलं आणि तुला ते मागासलेलं वाटलं, असं पत्रावरून जाणवतं. 'सृजनोत्सव' मलाही आवडलं नाही. आविष्कार, सृजन, कलारंग, अभिव्यक्ती हे शब्द वार्षिक प्रदर्शनांनी इतके वापरलेत की ते कुठल्याही कॉलेजच्या कुठल्याही वर्षाला चालतात. पण तुझं 'अनफ्रेम्ड'ही त्याच जातीचं आहे, फक्त इंग्रजी. खरी परीक्षा अशी घे: तुझ्या वर्गातला एखादा मुलगा घरी फोन करून म्हणतो, "आई, आमचं अमुक अमुक आहे, ये." तो शब्द त्याच्या तोंडी अडखळतो का? आई तो मावशीला सांगू शकते का? मला विचारशील तर बाकावर आणि कठड्यांवर लावतात ती पाटी आठवते, 'रंग ओला आहे'. विद्यार्थ्यांच्या कामाला शोभतं, सगळ्यांना कळतं आणि खाली 'हात लावू नका' लिहिलं की शिल्पांचीही सोय होते. घ्यायचं तर घे, फुकट आहे. नाहीतर समितीला अशी वीस वाक्यं गोळा करायला सांग, जी तुम्ही स्टुडिओत रोज बोलता. शब्दकोशापेक्षा तिथे नाव लवकर सापडेल.

देवनागरी नीट वापरणं हे जुनं, सरकारी काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं पाहायला सांगते. २०२० साली ते गेले. वर्तमानपत्रातला जेमतेम दोन बोटांचा कॉलम, काळा-पांढरा, खराब कागद, आजूबाजूला डझनभर नाटकांची गर्दी. आणि त्यातही नाटकाचं नाव असं काढलेलं की अक्षरांच्या वळणावरून आत विनोद आहे की रहस्य ते कळावं. लोक ते नाव वाचत नसत, ओळखत. तू ज्याला ब्रँडिंग म्हणतेस ते आपल्याकडे या शहरात इतक्या कमी जागेत होत आलंय.

हाताने अक्षर काढणार असशील तर उत्तमच. फॉन्ट वापरणार असशील तर 'मुक्त' किंवा 'बालू'सारखे, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे फॉन्ट मोफत आणि परवान्याच्या दृष्टीने निर्धोक आहेत. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेला, कुठून आला माहीत नाही असा फॉन्ट संस्थेच्या नावाखाली वापरू नकोस. मराठी 'ल' आणि 'श' तपासून घे. काही फॉन्ट आपणहून हिंदी वळणाचे देतात. भाषा मराठी निवडली तर त्यांतल्या काहींत ते बदलतात. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त हवा लागते. दोन्ही लिप्या शेजारी ठेवताना पॉइंटचा आकडा सारखा ठेवून चालत नाही, डोळ्यांनी जुळवावं लागतं.

आणि नावं! हा भाग तुला किरकोळ वाटेल, पण सगळ्यांत जास्त मनं इथे दुखावतात. ६४ जणांकडून त्यांचं नाव त्यांच्याच हाताने, दोन्ही लिप्यांत, कागदावर लिहून घे आणि खाली सही घे. तुमच्या वर्गात गुजराती असतील, मल्याळी असतील, उर्दू बोलणाऱ्या घरातले असतील. त्यांचं नाव मराठीत कसं लिहायचं हे तू ठरवायचं नाहीस. ऱ्हस्व-दीर्घावरून वाद झाला तर सही केलेला कागद दाखवायचा, विषय संपला.

छापखान्यात काय होतं तेही सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. एजन्सीत असताना एका कार्डाची फाईल मी तशीच दिली. त्यांच्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरने ती उघडली आणि वेलांट्या घर सोडून शेजारी राहायला गेल्या. 'चित्र' वाचता येईना. पाचशे कार्डं छापून झाल्यावर कळलं. दोष त्यांचा जितका तितकाच माझा, कारण मी प्रूफ, म्हणजे छपाईआधीची चाचणीची प्रत, न बघता 'छापा' म्हटलं होतं. म्हणून अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत बदलून, पीडीएफ दे. मुंबईतला कुठलाही प्रेसवाला "फाईल कर्व्ह करून आणा" असंच म्हणतो. कर्व्ह न केलेली मूळ फाईल वेगळी जपून ठेव, नाहीतर शेवटच्या क्षणी एक अक्षर बदलायला अख्खी रात्र जाईल. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, सोड. कार्ड आणि पोस्टरसाठी छायाचित्रं ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, असू देत; स्टँडीला इतकी गरज नसते, ती लांबून पाहायची असते. आणि तो निळा. स्क्रीनवरचा तुझा चमकदार निळा छपाईच्या चार शाईंत जांभळट, मातकट उतरणार आहे. ज्याला निळा आवडत नाही त्याच्याशी वाद घालण्याआधी एक प्रूफ काढ. कदाचित तुलाच आवडणार नाही.

आता माणसांकडे वळू. पत्राचा खरा विषय तोच आहे.

चित्रकलेच्या मुलांचा साबणाचा टोमणा तुला लागला. पण त्यामागची भीती ऐकून बघ. वर्षभर राबून केलेलं चित्र, आणि लोकांच्या लक्षात राहणार काय, तर तुझा चौकोन. हे पूर्ण खोटं नाही. १९२३ साली जर्मनीत वायमारला बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेचं मोठं प्रदर्शन झालं. त्याचं पोस्टर योस्ट श्मिट या तिथल्याच विद्यार्थ्याने केलं होतं, आणि ते आज डिझाइनच्या इतिहासाच्या पुस्तकांत छापतात. पण त्याच प्रदर्शनासाठी वीस पोस्टकार्डांची मालिकाही निघाली; काही क्ले आणि कांडिन्स्कीसारख्या मास्तरांनी केलेली, काही विद्यार्थ्यांनी. प्रत्येकाचा हात वेगळा, काम एकच, प्रदर्शनाचं बोलावणं करणं. (पोस्टरवर तारीख जुलै ते सप्टेंबर अशी होती आणि प्रदर्शन उघडलं १५ ऑगस्टला. तेव्हा तुमचा हॉल दोन दिवस पुढेमागे झाला तर फार मनाला लावून घेऊ नका.)

तुझ्या पाटीचं माप ए-६ आहे. पोस्टकार्डाचंही तेच ठेव. चारही विभागांतून तीन-तीन कामं निवडा आणि बारा कार्डं करा. पुढे कामाचा एखादा तपशील, मागे पाटीचीच मांडणी आणि प्रदर्शनाचा पत्ता. निवड तू करू नकोस, त्या त्या विभागाला करू दे. ज्या मुलांना ब्रँडिंग साबणाचं वाटतं तीच मुलं स्वतःचं कार्ड खिशात घेऊन फिरतील आणि भेटेल त्याला देतील. याहून चांगली प्रसिद्धी १८ हजारांत होत नाही.

सरांचं बघू. पाहुण्यांचा फोटो आणि मोठं बोधचिन्ह ही मागणी तुला अभिरुचीचा प्रश्न वाटते. त्यांच्यासाठी तो मानाचा प्रश्न आहे. पाहुण्यांनी वेळ दिलाय, संस्थेने पैसे दिलेत, ते कुठेतरी दिसायला हवं. न दिसल्यास बोलणी सरांनाच बसणार आहेत. लग्नाची पत्रिका आठव. तिथे आजोबांपासून सगळ्यांची नावं मानाप्रमाणे येतात, कोणी तक्रार करत नाही, कारण पत्रिका त्याचसाठी असते. पण मांडवाच्या कमानीवर दोनच नावं असतात. तेव्हा दोन वेगळ्या वस्तू कर. एक रीतसर निमंत्रण पत्रिका: उद्घाटनाची वेळ, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मा. आणि श्री. सगळं जागच्या जागी, बोधचिन्ह वर मध्यभागी, हवा तेवढा मोठा आकार. ती सरांच्या हातात सुबक छापून दे, शंभरच प्रती, पण कागद चांगला. दुसरं पोस्टर, त्यावर फक्त नाव, काय आहे, कधी, कुठे, कितवा मजला आणि खाली बोधचिन्ह. सरांकडे जाताना "पोस्टरवर फोटो नको" हे वाक्य घेऊन जाऊ नकोस. पत्रिकेचा नमुना घेऊन जा आणि तो आधी दाखव. मी असे कितीतरी क्लायंट पाहिलेत. पत्रिका मनासारखी झाली की पोस्टरकडे ते फारसे बघतही नाहीत.

पत्रिकेच्या तळाशी ते असतं ना, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!" सगळ्या पत्रिकेत बोलल्यासारखी तेवढी एकच ओळ. तुमच्या पोस्टरवर तशी एक ओळ असू दे.

राहिला चौदा जणांचा ग्रुप. तिथे डिझाइन टाकून "कसं वाटतंय?" विचारलंस, ही तुझी चूक. असं विचारलं की माणसाला काहीतरी म्हणावंच लागतं, म्हणून कोणाला निळा आवडत नाही आणि कोणाला फॉन्ट. एका कागदावर आधी इतकंच लिही: कोणासाठी, किती वाजता, कुठे, काय दिसलंच पाहिजे, कोण शेवटचा होकार देणार. शेवटचा होकार दोघांचाच असू दे, एक सर आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी. त्या कागदावर सरांची सही घे. मजकूर पक्का करण्याची तारीख ठरव, त्यानंतर फक्त शुद्धलेखन. ग्रुपवर यापुढे मतं मागू नकोस, कामं माग: "पत्ता वाचून सांगा, बरोबर आहे का?" "तुमच्या आईच्या फोनवर हे उघडून बघा, तारीख दिसते का?"

या फोनवरून आठवलं. तुमचे बहुतेक प्रेक्षक निमंत्रण व्हॉट्सॲपवरच बघणार, तेव्हा उभी प्रतिमा, १०८० बाय १९२० पिक्सेल, तारीख आणि जागा सगळ्यांत मोठी. मूळ प्रतिमा पुढे पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून दाबून चिखल होतो. क्यूआर द्यायचा तर नकाशाचा दे, आणि तो साधा, कायमचा क्यूआर असू दे. फुकटच्या साइटवर बनवलेले काही 'डायनॅमिक' क्यूआर मुदत संपली की मुके होतात, नेमके उद्घाटनाच्या दिवशी.

पोस्टर किती छापायची? तुझ्या मनातल्यापेक्षा कमी. स्टेशनबाहेर, झाडांवर, पुलांवर चिकटवायचा विचार असेल तर सोडून दे. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध आपल्याकडे १९९५ चा कायदा आहे आणि पोस्टरवर तुमच्या संस्थेचं नाव-पत्ता असणार, म्हणजे पकडायला सोपं. परवानगी घेऊन लावता येतील अशा वीस-पंचवीस जागांची यादी कर: इतर कला महाविद्यालयं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास, रंग-कागद विकणारी दुकानं, ग्रंथालयं, शिवाजी मंदिर किंवा दीनानाथसारख्या नाट्यगृहांचे सूचनाफलक, विचारून. ए-३ आकार पुरतो. साइन रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे, एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. त्यावरून तारखेचं अक्षर ठरव. फ्लेक्स टाळलंस तर बरं. दोन दिवसांच्या प्रदर्शनासाठी ते प्लास्टिक नंतर कोणाच्या तरी गच्चीवर ताडपत्री होऊन पडतं.

वाचलेले पैसे वाटेवर घाल. जुन्या इमारतीत माणूस फाटक, जिना, लिफ्ट आणि वळण अशा चार ठिकाणी गोंधळतो. चारही ठिकाणी बाण लाव, पाटीच्याच मांडणीत. आणि वॉचमनकाकांना आदल्या दिवशी वर नेऊन प्रदर्शन दाखव, हातात एक कार्ड दे. मुंबईत पत्ता शोधणारा माणूस फलक वाचत नाही, वॉचमनला विचारतो. त्या काकांनी "तिसरा मजला, डावीकडे, जा ना, छान आहे" म्हटलं की तुझं निम्मं काम झालं. एकूण पैशांतले दोन हजार कुठल्याच कामाला लावू नकोस. उद्घाटनाच्या आदल्या रात्री ते लागतात, कशाला ते आत्ता सांगता येणार नाही.

तू तीन पर्याय विचारले होतेस. सोडून दिलंस तर काम थांबणार नाही. कोणीतरी एका रात्रीत तयार टेम्प्लेटमध्ये फोटो चिकटवून देईल आणि ६४ जणांची नावं त्यात कशीही पडतील. सर म्हणतात तसं मुकाट्याने केलंस तर सर खूश होतील, पण पोस्टरवर पत्रिकाही असेल आणि पोस्टरही, आणि दोन्ही वाचता येणार नाहीत. भांडलीस तर कदाचित जिंकशीलही. मग मांडणीच्या रात्री शिडी धरायला चित्रकलेचं कोणी येणार नाही, आणि हॉलमध्ये ६४ चौकटी ठोकायच्या असतात तेव्हा शिडी धरणारा माणूस लोगोपेक्षा मोलाचा असतो. मला विचारशील तर यांतलं एकही करू नकोस. पोस्टर सध्या बाजूला ठेव, त्यावर कोणाशी बोलूही नकोस, आणि सोमवारी ग्रुपवर एक कोरी पाटी टाक, "आपापली माहिती भरा."

पोर्टफोलिओचं विसरले नाही. त्यात सगळं ठेव: नाकारलेलं 'अनफ्रेम्ड', सरांची सही असलेला कागद, पाटीचे फसलेले नमुने, भिंतीवर लागलेल्या पाट्यांचे फोटो, कार्ड हातात धरलेली माणसं. मी मुलाखती घ्यायचे तेव्हा सुंदर पोस्टरं रोज बघायचे. चौदा माणसं, अठरा हजार रुपये आणि एक हट्टी सर यांच्यातून काम तडीस कसं नेलं हे दाखवणारी मुलगी क्वचित यायची.

तीन आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात नावांचे कागद आणि पाटी, दुसऱ्यात पत्रिका, कार्डं आणि प्रूफ, तिसऱ्यात पोस्टर, बाण आणि स्टँडी. वरचे तीन-चार दिवस मांडणीला.

निमंत्रण मलाही पाठव. उद्घाटन मात्र रविवारी ठेवू नका, निदान मेगाब्लॉक बघून तरी ठेवा. मी डोंबिवलीला राहते.

तुझी,
ताई